परदेशातून आलेल्या मिशन टीमला निरोप: गावच्या मंडळीसाठी टप्प्याटप्प्याने तयारी

दिवाळी उरकली की फेब्रुवारीपर्यंत विदर्भातल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांकडे, म्हणजे गावोगावच्या चर्चकडे, परदेशातून छोट्या टीम येतात. दहा-पंधरा दिवस राहतात, वसतिगृहाची भिंत बांधू लागतात, मुलांना शिकवतात, आपल्यासोबत जेवतात. त्यांच्या स्वागताची तयारी आपण महिनाभर आधी धरतो. निरोपाचं मात्र शेवटच्या दुपारी ठरतं, आणि मग दरवर्षी तेच होतं. कार्यक्रम तीन तास लांबतो, स्वयंपाक करणाऱ्या बाया चुलीपाशीच राहतात, कोणीतरी पाहुण्याच्या हातात परस्पर अर्ज देतं, कोणी पाहुणी रडता रडता एखाद्या पोरीला ‘तुझ्या शिक्षणाचं मी पाहते’ असं सांगून जाते. पुढे सहा महिने त्या घराचे लोक पाळकसाहेबांच्या (पास्टरांच्या) ओसरीवर चकरा मारतात.

पाहुणे विमानात बसले की त्यांच्यापुरतं सगळं आटोपतं. गावात उरतो आपण, म्हणून निरोपाची आखणी मागे राहणाऱ्यांचा विचार करून करायची. आधी काम आवरायचं, मग पैसा आणि वस्तू, मग मुलं, आणि कार्यक्रम त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की गोंधळ ठरलेला.

टप्पा १: जायची तारीख पहिल्याच दिवशी सांगा

स्वागताच्या सभेतच पाळकांनी सांगावं: पाहुणे अमुक वारी सकाळी निघणार. संडे स्कूलच्या फळ्यावर आणि वसतिगृहाच्या भिंतीवर ती तारीख लिहून ठेवा. लहान मुलांना ‘दोन आठवडे’ म्हणजे किती ते उमगत नाही, पण फळ्यावर रोज एक दिवस खोडला तर बरोबर कळतं.

निरोपाची संध्याकाळ ठरवताना शेतीकडे पाहा. डिसेंबर-जानेवारीत कापसाची वेचणी चालू असते, तुरीची सोंगणी तोंडावर येते. बाया दिवस मावळताना घरी येतात. चार वाजता सभा ठेवली तर मंडपात म्हातारे आणि मुलंच दिसतील. साडेसहा ही वेळ बरी. लाउडस्पीकर रात्री दहानंतर लावता येत नाही, त्यामुळे जेवणासकट सगळं नऊपर्यंत आवरायला हवं. आणि ओलिताची पाळी रात्री असली की पुरुष मंडळी मोटार सुरू करायला शेतात जातात, तेव्हा त्या आठवड्यात वीज कोणत्या वेळी आहे तेही विचारून घ्या.

टीमला ताडोबा किंवा चिखलदरा पाहायचं असेल तर ते निरोपाच्या आधी उरका. (ताडोबाचा कोअर भाग मंगळवारी बंद असतो, आणि सफारीच्या गेटवर पासपोर्ट दाखवावा लागतो.) निरोप झाल्यावर पाहुणे आणखी दोन दिवस जिल्ह्यात फिरताना दिसले की लोक पुन्हा भेटायला निघतात आणि झालेला निरोप मोडतो.

टप्पा २: उरलेल्या कामाची वही

निघण्याच्या तीन दिवस आधी सेक्रेटरी, टीमचा प्रमुख आणि कामावरचा मिस्त्री यांनी एकत्र बसावं. साधी शाळेची वही पुरते. प्रत्येक कामाला एक ओळ: काय झालं, काय राहिलं, सामान कुठे आहे, कोण करणार, कधीपर्यंत. उदाहरणार्थ:

‘वसतिगृहाची मागची भिंत. उत्तरेकडचं प्लास्टर बाकी. सिमेंट तीन पोती मंडळीच्या खोलीत, खाली फळी टाकून ठेवली. मिस्त्रीभाऊ आणि तरुण संघाचे दोघे. पुढच्या शनिवारपर्यंत.’

‘तरुण संघ पाहून घेईल’ असं मोघम लिहू नका. माणसाचं नाव लिहा आणि त्या माणसाला तिथेच बोलावून त्याच्यासमोर वाचा.

आरोग्य शिबिर झालं असेल तर ही वही जास्त जपून करावी लागते. कोणाचं बीपी वाढलेलं निघालं, कोणाला मोतीबिंदूसाठी पुढे पाठवायचं आहे, कोणाचा चष्मा यायचा आहे, ती यादी पाहुण्यांच्या लॅपटॉपमध्ये राहून उपयोग नाही. कागदावर उतरवून घ्या, आशाताईंना दाखवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात कोणत्या दिवशी जायचं ते त्या-त्या घरी सांगा. पेशंटची माहिती मंडपात वाचायची नसते, एवढंही सेक्रेटरीला बजावून ठेवा.

*सावधान:* उरलेली परदेशी औषधं गावात वाटू नका. डबीवरचं नाव वाचता येत नाही, डोस माहीत नसतो, आणि ‘गोऱ्या डॉक्टरची गोळी’ म्हणून लोक ती वर्षभर जपून ठेवतात. टीमने ती सोबत न्यावी, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने नष्ट करावी.

टप्पा ३: पैसा आणि मागे राहणाऱ्या वस्तू

इथे बहुतेक मंडळ्या चुकतात, आणि ही चूक महागात पडते.

परदेशी नागरिकाने संस्थेला दिलेली देणगी, ती रुपयांत दिली तरी, परदेशी देणगीच असते. ती घ्यायला संस्थेची २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. म्हणजे निरोपाच्या सभेत पाहुण्याने पाकीट पाळकांच्या हाती दिलं आणि पाळकांनी ते प्रेमाने घेतलं, की दोघांच्या मनात काही नसतानाही कायदा मोडलेला असतो.

अर्पणाच्या थाळीचंही तेच. टीमसमोरून थाळी फिरली की ते नोट टाकणारच, तो त्यांचा उपासनेचा भाग आहे. सोपा उपाय म्हणजे निरोपाच्या सभेत अर्पण ठेवूच नका, ते रविवारच्या उपासनेत घ्या, आणि त्या रविवारी पाहुणे बसले असतील तर थाळीत काही टाकायचं नाही, अशी टीमला आधी कल्पना द्या. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी घरी गेल्यावर आपल्या मंडळीमार्फत, नोंदणी असलेल्या संस्थेच्या ठरलेल्या खात्यात द्यावं. नोंदणी नसेल तर ‘आम्हाला घेता येत नाही’ असं सरळ सांगावं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रोजेक्टर, लॅपटॉप, शिलाई मशीन अशा वस्तू संस्थेसाठी मागे ठेवल्या जात असतील तर त्याही या कायद्याच्या कक्षेत येतात. यादी करा, अंदाजे किंमत लिहा आणि स्वीकारण्याआधी संस्थेच्या सीएंना दाखवा. जुने कपडे, बूट, टॉर्च यांचं वाटप पाहुण्यांच्या हातून नको. कोणाला मिळालं आणि कोणाला नाही यावरून घराघरांत धुसफूस होते आणि तिचं खापर पाहुण्यांवर फुटतं. सगळं एका पेटीत जमा करा. ते कोणाला द्यायचं ते पंधरा दिवसांनी महिला संघ ठरवेल.

*पडताळणी:* निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत या तीन गोष्टी हातात हव्यात: कामाची वही, वस्तूंची यादी, आणि खोल्यांच्या-गोदामाच्या किल्ल्या.

टप्पा ४: टीमसोबत दार लावून एक बैठक

निरोपाच्या आदल्या रात्री पाळक, पाळकीणबाई आणि टीम एवढेच बसा. अर्धा तास पुरतो. गोड बोलून पण स्पष्ट सांगा.

वचन द्यायचं नाही. ‘पुढच्या वर्षी येईन’ हेही नाही, कारण तिकीट, व्हिसा आणि घरची परिस्थिती यांतलं काही त्यांच्या हाती नसतं. मुलं आणि म्हातारी माणसं मात्र त्या शब्दावर वर्ष काढतात. ‘तुमची आठवण ठेवू, तुमच्यासाठी प्रार्थना करू’ एवढं म्हणावं, कारण ते पाळता येतं. कोणी शिक्षणाची, लग्नाची, ऑपरेशनची मदत मागितली तर एकच उत्तर: ‘पाळकसाहेबांशी बोला.’ कोणी हातात अर्ज दिला तर तो न वाचता पाळकांकडे द्यावा.

फोन नंबरांचं काय करायचं तेही इथेच ठरवा. टीमप्रमुख आणि मंडळीचे दोघे यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरे. मुलांना वैयक्तिक नंबर द्यायचे नाहीत, मुलांचे घ्यायचेही नाहीत. वसतिगृहातल्या मुलांचे फोटो नावागावासकट कुठे टाकायचे नाहीत. आईबापाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांना विचारल्याशिवाय तर कोणताच फोटो नाही.

भेटण्याची रीत सांगा. बायकांनी बायकांना जवळ घ्यावं, त्यात काही वावगं नाही. पुरुषांनी बायकांशी हात जोडून ‘सलाम’ म्हणावं. त्यांच्याकडे मिठी मारणं म्हणजे साधा निरोप, पण आपल्या गावात त्याची चर्चा पोरीच्या सासरपर्यंत जाते.

आणखी एक गोष्ट व्हिसाची. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला उपासनेला बसता येतं, पण उपदेश करता येत नाही आणि धर्मप्रचाराची पत्रकं वाटता येत नाहीत. तेव्हा निरोपाच्या सभेत संदेश पाळकांनी द्यावा आणि पाहुण्यांनी आभार मानावेत. भावनेच्या भरात कोणी माइक हातात घेऊन प्रवचन सुरू करू नये, हे आज रात्रीच ठरलं पाहिजे. उद्या मंडपात थांबवायला गेलात तर सगळ्यांचाच विरस होईल.

टप्पा ५: मुलांचा निरोप वेगळा, आणि आधी

मोठ्यांच्या सभेत मुलांचा निरोप मिसळू नका. गर्दी, माइक, रडारड, त्यात सहा वर्षांच्या पोराला काय करावं ते कळत नाही. ते मधेच झोपतं, सकाळी उठतं तर ताई गेलेली.

आदल्या दिवशी दुपारी, वसतिगृहात किंवा संडे स्कूलच्या खोलीत तासभर ठेवा. या दिवसांत शिकलेली गाणी म्हणायची, एक खेळ खेळायचा, मग पाहुण्यांनी रांगेने बसायचं आणि प्रत्येक मुलाने एकेकाकडे जाऊन सलाम करायचा. पाहुण्याने त्याचं नाव घ्यावं. सगळ्यांची नावं घोकून पाठ केलेली असावीत, नसतील तर मुलांच्या छातीवर चिठ्ठी लावा. आपलं नाव कोणीतरी ओळखून घेतलं, हे पोराच्या लक्षात राहतं, खाऊचा पुडा राहत नाही. खाऊ द्यायचाच असेल तर सगळ्यांना सारखा, आणि तो वसतिगृहाच्या बाईंच्या हातून.

एखादं मूल एकाच पाहुण्याला चिकटलेलं असतं. सगळा वेळ त्याच्याच मांडीवर, त्याचंच बोट धरून. त्या मुलाला दोन-तीन दिवस आधीपासून रोजच्या बाईंच्या कामात ओढून घ्या: दप्तर तिच्याकडे, जेवायला तिच्या शेजारी. निरोपाच्या वेळीही तीच त्याच्या जवळ उभी असू द्या.

*सावधान:* ‘रडतील म्हणून मुलं झोपली असताना निघून जाऊ’ असं टीममधलं कोणीतरी हमखास सुचवतं. हे करू देऊ नका. वसतिगृहातल्या कित्येक मुलांनी घरची माणसं अशीच न सांगता गेलेली पाहिली आहेत. रडू द्यावं, आपण जवळ असावं.

टप्पा ६: भेटवस्तू

भेट हलकी, कोरडी आणि कस्टममध्ये न अडणारी हवी. एवढं पाहिलं तरी निम्मा त्रास वाचतो.

कापसाचं बोंड आपल्याला साधं वाटतं, पण त्यात सरकी असते. बी, फळ, माती याबाबत बहुतेक देशांचे नियम कडक आहेत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे तर फारच. संत्री, मेळघाटातला मध, तूप, लोणच्याची बरणी हे तिकडच्या विमानतळावर कचऱ्यात जाऊ शकतं. पोरं हौसेने मोरपीस आणून देतात, पण मोरपीस भारताबाहेर नेण्यावर बंदी आहे. ते पाहुण्यांनी हसून घ्यावं आणि इथेच ठेवून जावं. बांबूची वस्तू दिली तर ती तिकडे उतरताना जाहीर करायला सांगा.

मग काय द्यावं? भंडाऱ्याकडच्या कोशाचा रुमाल किंवा स्टोल, जाड सुती शेला, महिला संघाने हाताने शिवलेली गोधडीची छोटी घडी. आणि सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड, ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा. टीममध्ये सगळ्यांना एकसारखं द्या. प्रमुखाला पैठणी आणि बाकीच्यांना रुमाल, असं नको. बॅगेच्या वजनाची मर्यादा तिकिटावर लिहिलेली असते, ती टीमप्रमुखाला विचारून मगच खरेदी करा. फ्रेम केलेले मोठे फोटो आणि पितळी समया यांच्या वाटेला जाऊ नका.

टप्पा ७: निरोपाची संध्याकाळ

सव्वा तासाची सभा, मग प्रीतिभोजन. क्रम असा ठेवा:

१. गीत आणि प्रार्थना: आठ मिनिटं.
२. शास्त्रवाचन: प्रेषितांची कृत्ये २०:१७–३८. पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो तो भाग. तरुणांपैकी एकाने वाचावा, पाहुण्यांनी आपापल्या बायबलात पाहावा.
३. पाळकांचा संदेश: आठ मिनिटं, त्याच उताऱ्यावर.
४. मंडळीतल्या तिघांच्या साक्षी: प्रत्येकी चार मिनिटं. एक बाई, एक तरुण, एक वयस्क.
५. सेक्रेटरीने वहीतून कामाचा हिशोब वाचणे: दहा मिनिटं.
६. टीमचे आभार: भाषांतर धरून दहा मिनिटं.
७. भेटी: पाच मिनिटं. सगळे एकदमच उभे राहतील.
८. टीमसाठी प्रार्थना, आणि टीमने मंडळीसाठी मनात केलेली प्रार्थना: दहा मिनिटं.
९. आशीर्वादवचन: गणना ६:२४–२६.

पाचवा मुद्दा लोक गाळतात, कारण त्यात रंजक काही नाही. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काय झालं, काय राहिलं, राहिलेलं कोण करणार हे गावासमोर वाचलं गेलं की ‘गोरे आले, करून गेले’ ही भावना उरत नाही. काम मंडळीचं होतं हे सगळ्यांना ऐकू येतं. आणि ज्याचं नाव वाचलं गेलं तो काम टाळत नाही.

भाषांतराने वेळ दुप्पट होतो, हे लक्षात घेऊनच वर मिनिटं दिली आहेत. दुभाषे दोन ठेवा. पंधरा दिवस सतत बोलून आणि शेवटच्या दिवशी स्वतःच भरून आल्याने एकट्याचा आवाज बसतो. दुभाष्याने पदरचं काही घालू नये.

सरपंच, पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक यांना अवश्य बोलवा. शेजारच्या ज्या घरांनी भांडी, खाटा, पाणी दिलं ती कोणत्याही धर्माची असोत, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. सत्काराची भाषणं मात्र एकच, तीही सरपंचांची. बिछायतवाल्याला आणि साउंडवाल्याला वेळ आधी सांगा, नाहीतर जेवणाच्या वेळी गादी गुंडाळायला सुरुवात होते.

आता स्वयंपाकाचं. पानगे, वरण, वांग्याची भाजी, भात असा बेत असला की बाया दुपारपासून गोवऱ्यांच्या धगीपाशी असतात. सभेची वेळ झाली की त्या म्हणतात, ‘तुम्ही चाला, आमी येतो मांगून,’ आणि येत नाहीत. पंधरा दिवस ज्यांनी पाहुण्यांना सांभाळलं त्याच निरोपाला नसतात. म्हणून पानगे सभेआधी भाजून झाकून ठेवा, राखण तरुण संघाच्या पोरांकडे द्या, बायांना साडी बदलायला अर्धा तास द्या. टीमचे आभार यांच्यापासून सुरू होऊ द्या, नावं घेऊन. ग्रुप फोटो त्या आल्याशिवाय काढायचा नाही. वाढायला त्या रात्री पुरुष.

पाहुण्यांसाठी भाजीचं एक भगुणं कमी तिखटाचं वेगळं काढा, कच्ची कोशिंबीर टाळा, पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. दुसऱ्या दिवशी त्यांना दिवसभराचा प्रवास आहे.

टप्पा ८: निघण्याची सकाळ

बॅगा रात्रीच गाडीपाशी आणून मोजा. पासपोर्ट प्रत्येकाने स्वतः हातात धरून दाखवावा, ‘बॅगेत आहे’ हे उत्तर चालत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, भेट मिळालेला विळा-चाकू असेल तर मोठ्या बॅगेत.

यवतमाळ किंवा अमरावतीहून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. समृद्धीला लागलं की वेळ वाचतो, पण गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतचाच पट्टा दगा देतो: जिनिंगसमोर उभ्या कापसाच्या गाड्या, पहाटेचं धुकं. आंतरराष्ट्रीय विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं, त्यावर आणखी दोन तास हाताशी ठेवा. विमान दिल्लीमार्गे असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याने तिथे उशीर होतो, म्हणून दोन विमानांत भरपूर अंतर आहे ना ते तिकिटावर पाहा. बडनेरा किंवा वर्ध्याहून रेल्वे असेल तर फलाटावर गर्दी नेऊ नका. गाडी थोडाच वेळ थांबते आणि बॅगा खालीच राहतात.

शेवटचा निरोप मंडळीच्या फाटकापाशीच. तिकीट नसलेल्याला विमानतळात सोडत नाहीत, त्यामुळे दोन माणसं सोबत गेली तरी पुरे. फाटकापाशी एक छोटी प्रार्थना, एक गीत, दहा मिनिटं, की गाडी सुरू. ‘पोचल्यावर फोन करजा’ म्हणत आजी खिडकीत हात घालून उभी राहते. ड्रायव्हरला आधी सांगा, हॉर्न वाजवायचा नाही, हात सुटल्यावर निघायचं.

*पडताळणी:* पाहुणे आपल्याकडे मुक्कामाला उतरल्याची जी नोंद मंडळीने परदेशी नागरिकांसाठी ऑनलाइन केली होती तिची प्रत, आणि ते निघाल्याची तारीख, फाइलला लावा. पोलीस पाटलांना कळवा.

टप्पा ९: पुढचे पंधरा दिवस

टीम चालवत होती तो मुलांचा वर्ग दुसऱ्याच दिवशी, त्याच वेळी, आपल्या बाईंनी घ्यावा. एक दिवसाचीही सुट्टी नको. पाहुणे पोहोचल्याचा निरोप येत्या रविवारी उपासनेत वाचून दाखवा. मुलांची पत्रं, चित्रं मंडळीकडे जमा करून महिन्यातून एकदा एकाच पाकिटात पाठवा.

दुसऱ्या आठवड्यात वही उघडा. शनिवारपर्यंतचं प्लास्टर झालं का ते जागेवर जाऊन पाहा, झालं असेल तर फोटो ग्रुपवर टाका. वस्तूंची पेटी महिला संघासमोर उघडा. कोणी ‘त्यांनी मला कबूल केलं होतं’ असं सांगत आलं तर पाळक आणि सेक्रेटरी दोघांनी बसून ऐकून घ्या, टीमप्रमुखाला विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी त्या घरी स्वतः जाऊन सांगा.

मग टीमच्या मंडळीला पत्र लिहा. आभारासोबत खरंही लिहा: कोणतं काम उपयोगी पडलं, कोणतं आपल्या मिस्त्रीने एकट्याने अधिक बरं केलं असतं, मुलांना काय जड गेलं. पुढच्या टीमची तारीख या पत्राचं उत्तर आल्यावर ठरवा.